पाइप तुंबवणाऱ्या शिंपल्याचा जीनोम कशासाठी वाचायचा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, स्टॉकटन बंदराजवळ जलखात्याच्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या कामात काही अनोळखी शिंपले दिसले. आकार जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर, रंग पिवळसर तपकिरी. रूप पाहून आणि डीएनए तपासून ओळख पटली. तो होता सोनेरी शिंपला, शास्त्रीय नाव लिम्नोपर्ना फॉर्च्युनी. उत्तर अमेरिकेत तो याआधी कधी सापडला नव्हता. सापडला ती जागाही नेमकी वाईट. सॅक्रामेंटो आणि सॅन ह्वाकीन या दोन नद्यांच्या त्याच मुखप्रदेशातून पंपांनी उचललेलं पाणी राज्याच्या कालव्यांमधून सुमारे २ कोटी ७० लाख लोकांपर्यंत जातं.

या शिंपल्याबद्दल थोडं वाचलं की कळतं, त्याचा जीनोम २०१८ मध्येच वाचून झालेला आहे. ते काम ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या फेडरल विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकारानं झालं. त्याच्या जातभाईंचंही तसंच. झेब्रा शिंपला आणि क्वागा शिंपला या दोन कुप्रसिद्ध उपद्रवी जातींचे जीनोमही उपलब्ध आहेत. मग मनात येणारा प्रश्न साधा आहे. शत्रूची सगळी माहिती हातात असताना तो अजून मोकाट कसा?

याचं उत्तर शिंपल्याच्या एका स्वभावात आहे. दोन शिंपले एकमेकांपासून फार वेगळे असतात. दिसायला नव्हे, डीएनएत. याच वेगळेपणानं जीनोम वाचणाऱ्यांना छळलं, आणि त्याचा नायनाट करू पाहणाऱ्यांनाही तेच छळणार आहे. पण तिथपर्यंत जाण्याआधी मुळापासून सुरुवात करू.

हा प्राणी इतका पसरतो कसा?

नद्या-तळ्यांचे मूळचे शिंपले तसे गरीब असतात. तळाच्या चिखलात अर्धवट रुतून बसतात, सावकाश वाढतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पिल्लांना सुरुवातीचे काही दिवस एखाद्या माशाच्या कल्ल्याला चिकटून काढावे लागतात. योग्य मासा मिळाला नाही, तर पिल्लू मेलं.

सोनेरी, झेब्रा आणि क्वागा यांना अशी कुणाची गरज लागत नाही. मादी अंडी थेट पाण्यात सोडते, नर शुक्राणू थेट पाण्यात सोडतो. फलन बाहेरच होतं आणि त्यातून निघणारी अळी स्वतःच पोहू लागते. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. जहाजं तोल सांभाळण्यासाठी पोटात जे पाणी भरून घेतात, त्यात अशा अळ्या सहज शिरतात आणि हजारो किलोमीटरवरच्या बंदरात ते पाणी सोडलं की बाहेर पडतात. झेब्रा शिंपला कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या परिसरातला. तो १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर तलावात दिसला. पाठोपाठ क्वागा. सोनेरी शिंपला मूळचा चीनच्या नद्यांमधला. तो १९९१ मध्ये अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसजवळ ला प्लाता नदीच्या मुखाशी सापडला आणि मग पाराना नदीतून प्रवाहाच्या उलट दिशेनं वर सरकत गेला. अळी स्वतःहून प्रवाहाविरुद्ध एवढी जाऊ शकत नाही. त्याला वर नेलं बोटींनी, म्हणजे माणसांनी. २००१ मध्ये तो ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरच्या इताइपू धरणापर्यंत पोहोचला. १४ हजार मेगावॉटचं हे जलविद्युत केंद्र जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.

अळी थोडी मोठी झाली की तिला पाय फुटतो आणि त्या पायातून चिवट धागे निघतात. त्या धाग्यांनी ती काँक्रीट, लोखंड, प्लास्टिक, लाकूड, दुसरा शिंपला, जे मिळेल त्याला घट्ट चिकटते. एका चौरस मीटरवर हजारोंनी, एकावर एक थर. गाळण्या बुजतात, यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या अरुंद होतात, आणि मेलेले शिंपले सुटून पुढे वाहत जाऊन आणखी कुठेतरी अडकतात. मग यंत्र बंद करून खरवडत बसावं लागतं. मूळच्या गरीब शिंपल्यांच्या पाठीवरही हे असेच चढतात आणि त्यांना उपाशी मारतात.

जीनोम ‘वाचला’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रत्येक पेशीत डीएनएचे लांबलचक रेणू असतात. या रेणूंवर चार रासायनिक घटक एका ओळीत येतात. त्यांना आपण ए, टी, जी, सी अशी अक्षरं म्हणतो. एका जीवाच्या पेशीतला हा सगळा अक्षरक्रम म्हणजे त्याचा जीनोम. त्यातल्या ज्या भागावरून पेशी सहसा एखादं प्रथिन बनवते, तो भाग म्हणजे जनुक. आणि अक्षरं क्रमानं वाचून काढण्याचं काम म्हणजे सिक्वेन्सिंग. पुढचा लेख समजायला एवढ्या तीन व्याख्या पुरतील.

माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे ३.१ अब्ज अक्षरं आहेत. सोनेरी शिंपल्याच्या २०१८ च्या मसुद्यात सुमारे १.६७ अब्ज, झेब्रा शिंपल्यात सुमारे १.८ अब्ज. म्हणजे नखाएवढ्या प्राण्याचा मजकूर आपल्या निम्म्याहून जास्त. जीवाचा आकार किंवा हुशारी आणि जीनोमची लांबी यांचा फारसा संबंध नसतो, हे एकदा मान्य करून टाकलं की पुढे धक्के बसत नाहीत.

अडचण अशी की कुठलंही यंत्र हा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग वाचू शकत नाही. ते वाचतं तुकडे. समजा, गाण्यांची एक जाडजूड वही आहे. तिच्या शंभरेक प्रतींचे कपटे करून कुणीतरी एका ढिगात टाकले आहेत आणि तुम्हाला मूळ वही परत लिहून काढायची आहे. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटलेली असल्यामुळे एका कपट्याचा शेवट दुसऱ्या कपट्याच्या सुरुवातीशी जुळतो. असं जुळवत जुळवत ओळी तयार होतात. सिक्वेन्सिंगमधलं निम्मं काम हेच, आणि ते संगणक करतो.

आता या वहीत ध्रुवपदं आहेत. प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ. हातातल्या कपट्यावर फक्त ध्रुवपद असेल, तर तो कितव्या कडव्यामागचा हे कसं ठरवणार? जीनोममध्ये असे पुनरावृत्तीचे पट्टे भरपूर असतात. जुनी, स्वस्त यंत्रं शंभर-दीडशे अक्षरांचे कपटे वाचत. ते अगदी अचूक असत, पण ध्रुवपदाच्या आतच संपत. नवी यंत्रं एका दमात हजारो अक्षरं वाचतात, त्यामुळे एकाच तुकड्यावर आधीचं कडवं, ध्रुवपद आणि पुढचं कडवं असं तिन्ही येतं. सुरुवातीला या लांब तुकड्यांत चुका फार असत. म्हणून ब्राझीलच्या गटानं दोन्ही वापरले. लांब तुकड्यांनी सांगाडा उभा केला, आखूड तुकड्यांनी चुका सुधारल्या. तरीही हाती आली ती हजारो तुकड्यांतली वही. पानं वाचता येत होती, पण पानांचा क्रम सगळीकडे लागला नव्हता. मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकारानं झालेला झेब्रा शिंपल्याचा जीनोम २०२२ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला, तेव्हा तो १६ गुणसूत्रांपर्यंत नीट लावलेला होता.

मग शिंपल्यांचंच एवढं काय अवघड?

पाठभेद.

माणूस असो की शिंपला, प्रत्येकाकडे ही वही दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. माणसाच्या दोन प्रती ताडून पाहिल्या, तर हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर वेगळं निघतं. एवढे फरक संगणक सहज पोटात घालतो. शिंपल्यांमध्ये मात्र हे फरक शंभर अक्षरांमागे एक-दोन इतके असू शकतात. त्यात कुठे अख्खी ओळ गाळलेली, कुठे कडवं जादा. एका मर्यादेनंतर संगणकाला कळेनासं होतं की समोर आहे ते एकाच गाण्याचे दोन पाठ, की दोन निराळी गाणी. तो दोन्ही ठेवतो. जीनोम उगाच फुगतो, जनुकं दोनदा मोजली जातात.

एवढे पाठभेद येतात कुठून? संख्येतून. झेब्रा शिंपल्याची मादी वर्षाला लाखो अंडी सोडते. कोट्यवधींच्या वस्तीत कुणाचं अंडं कुणाच्या शुक्राणूला भेटेल याला काही धरबंध नाही. प्रत्येक पिढीत थोड्या चुका नव्यानं होतात आणि एवढ्या अफाट वस्तीत त्या पुसल्या जात नाहीत, साचत जातात.

शिंपल्यांच्या वर्गातल्या सुरुवातीच्या जीनोमांपैकी एक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पॅसिफिक कालवाचा, म्हणजे खारट पाण्यातल्या नातेवाइकाचा. तेव्हा संशोधकांनी चार पिढ्या सख्ख्या भावंडांमध्ये संकर करून घेतलेलं एक कालव वापरलं. हेतू हा की दोन्ही प्रती शक्य तितक्या सारख्या व्हाव्यात. तरीही फरक उरलेच आणि जुळणीसाठी वेगळी, वेळखाऊ पद्धत वापरावी लागली.

साठ हजार जनुकं? खरंच?

सोनेरी शिंपल्याच्या पहिल्या मसुद्यात ६० हजार ७१७ जनुकं नोंदली आहेत. माणसात ती २० हजारांच्या आसपास. हा आकडा वाचून मला पहिल्यांदा शंका आली ती वर सांगितलेल्या दुहेरी मोजणीची. पहिल्या मसुद्यातले असे आकडे जपूनच घ्यावेत, पुढच्या सुधारणांत ते हलतात.

पण सगळी जबाबदारी संगणकावर ढकलूनही चालत नाही. भूमध्य समुद्रातल्या खाद्य शिंपल्यावरचं एक काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. अनेक शिंपल्यांचे जीनोम शेजारी शेजारी ठेवल्यावर असं दिसलं की सुमारे ४५ हजार जनुकं सगळ्यांमध्ये आहेत आणि आणखी सुमारे २० हजार जनुकं काहींमध्ये आहेत, काहींमध्ये चक्क नाहीत. अक्षराचा फरक वेगळा. इथे अख्खी जनुकं गैरहजर आहेत, आणि तरी तो शिंपला धडधाकट जगतो आहे! त्यामुळे ‘या जातीचा जीनोम’ हा शब्दप्रयोगच शिंपल्यांच्या बाबतीत जरा सैल पडतो. वाचलेला असतो एका शिंपल्याचा जीनोम. शेजारच्या खडकावरच्या शिंपल्याचा तो तसाच असेल, याची खात्री नाही.

जाता जाता एक गंमत. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा, म्हणजे मायटोकाँड्रियांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. माणसात तो १६ हजार ५६९ अक्षरांचा आहे आणि बहुतेक प्राण्यांत त्याच्याच आसपास. झेब्रा शिंपल्यात तो सुमारे ६७ हजार अक्षरांचा निघाला. याचा पाइप तुंबण्याशी काही संबंध नाही. पण जीनोम वाचल्याशिवाय अशा गोष्टी कळत नाहीत, आणि मला तेवढ्यासाठीही तो वाचणं पटतं.

बरं, एवढं करून सापडलं काय?

सगळ्यात देखणी गोष्ट क्वागा शिंपल्यात सापडली. व्हिएन्ना विद्यापीठाच्या गटानं २०१९ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध केला, तो एका नेमक्या प्रश्नासाठी. मूळच्या खाऱ्या-मचूळ पाण्यातल्या या वंशाला गोडं पाणी कसं मानवलं?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा कठीण आहे. पेशीच्या आत क्षार जास्त, बाहेरच्या नदीत जवळपास नाहीत. अशा वेळी पाणी आपोआप पेशीत घुसत राहतं. मोठ्या शिंपल्याला उत्सर्जनाचे अवयव असतात, तो जादा पाणी बाहेर टाकतो. पण नुकतं फलन झालेलं अंडं म्हणजे एकच पेशी. तिला ना अवयव, ना कवच. मग ती फुगून फुटत का नाही? सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं: पेशीचे दोन भाग झाले की त्यांच्यामध्ये एक पोकळी तयार होते, तिच्यात पाणी साठतं, आणि मग ते एकदम बाहेर फेकलं जातं. पुन्हा साठतं, पुन्हा फेकलं जातं. जीनोम हातात आल्यावर संशोधकांना यामागची यंत्रणा शोधता आली. पेशीच्या आवरणातून पाणी जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांच्या जादा आवृत्त्या या वंशात तयार झाल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचं काम नेमकं या पहिल्या काही तासांत जोरात चालतं.

हे उपयोगाचं का, हे लक्षात घ्या. मोठा शिंपला कवच मिटून कित्येक दिवस विष टाळू शकतो. पहिल्या दिवसाचा भ्रूण काहीच टाळू शकत नाही. कुठे घाव घालता येईल याचा हा अंदाज आहे. घाव मात्र अजून नाही.

दुसरा शोध धाग्यांचा. ते कोणत्या प्रथिनांचे बनतात, त्यांची जनुकं कोणती, ती पायात कधी चालू होतात, याच्या याद्या आता आहेत. पाण्याखाली ओल्या पृष्ठभागावर चिकटणारा पदार्थ शल्यचिकित्सकांनाही हवाच आहे, त्यामुळे या याद्यांकडे दोन बाजूंनी लोक पाहतात. एकाला धागा सुटायला हवा, दुसऱ्याला तसाच धागा बनवायचा आहे.

तिसरा शोध सोसण्याचा. उष्णता, प्रदूषण किंवा प्राणवायूची कमतरता झाली की पेशीतली प्रथिनं विस्कटू लागतात आणि त्यांना सावरणारी प्रथिनं कामाला लागतात. अशा एका कुळातली जनुकं माणसात १७ च्या आसपास आहेत. पॅसिफिक कालवात ८८ निघाली. एका जागी चिकटून बसणाऱ्याला पळून जाता येत नाही, म्हणून सोसण्याची तयारी जबर असावी लागते. उपद्रवी शिंपल्यांच्या जीनोममध्येही संशोधक अशा फुगलेल्या कुळांचाच माग काढतात.

“शिंपला ओळखायला जीनोम कशाला? एक तपासणी पुरते की.”

बरोबर आहे. पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात तरंगणारे डीएनएचे कण गाळून घ्यायचे आणि त्यात सोनेरी शिंपल्याची खूण आहे का ते पाहायचं. यासाठी मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा एक छोटा तुकडा माहीत असला तरी काम भागतं. ही पद्धत संपूर्ण जीनोमच्या आधीपासून वापरात आहे. जीनोममुळेच हे शक्य झालं असं कुणी सांगत असेल, तर तो वाढवून सांगतो आहे.

पण ‘आहे की नाही’ एवढाच प्रश्न नसतो. तो आला कुठून? एकदाच आला की पुन्हापुन्हा येतो आहे? थेट आशियातल्या बंदरातून आला की दक्षिण अमेरिकेतून? हे कळलं तर कोणत्या जलमार्गावर पहारा ठेवायचा ते ठरतं. त्यासाठी जीनोमभर विखुरलेल्या हजारो पाठभेदांची तुलना करावी लागते. आधी ज्यांनी एवढा वैताग दिला, तेच पाठभेद इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

“यादी हातात आहे, मग औषध का निघत नाही?”

पाइपमधल्या शिंपल्यासाठी उपाय आहेत. क्लोरीन, गरम पाणी, चिकटू न देणारे लेप, ठराविक जातीच्या मेलेल्या जिवाणूंपासून बनवलेली पूड. बंदिस्त जागेत हे चालतं, खर्च करत राहावं लागतो इतकंच. खुल्या पाण्यातही एकदा पूर्ण यश मिळालेलं आहे. २००६ मध्ये व्हर्जिनिया राज्यात मिलब्रूक नावाच्या पाणी भरलेल्या खाणीत पोटॅशियम क्लोराइड टाकून झेब्रा शिंपले समूळ मारले गेले. पण ती खाण होती जेमतेम १२ एकरांची, चारही बाजूंनी बंद. दुसऱ्याच वर्षी क्वागा शिंपला मीड तलावात सापडला. कोलोरॅडो नदीवरच्या एवढ्या अवाढव्य जलाशयात आणि तिथून पुढे शहरांना जाणाऱ्या पाण्यात काय आणि किती टाकणार?

म्हणून इतर कुणाला धक्का न लावता फक्त याच जातीला लागू पडेल असं काहीतरी हवं आहे, आणि त्यासाठी जीनोमची यादी लागते. एक मार्ग आहे जनुक गप्प करण्याचा. विशिष्ट जनुकाच्या क्रमाशी जुळणारा आरएनएचा, म्हणजे डीएनएसारख्याच एका रेणूचा, तुकडा पेशीत पोहोचवला, की पेशी त्या जनुकाचा संदेश स्वतःच नष्ट करते. निशाणा अक्षरक्रमावर असल्यामुळे दुसऱ्या जातीला इजा होण्याचा धोका कमी. अडचण पोहोचवण्याची. शिंपला पाणी गाळूनच खातो, म्हणजे त्याला खाऊ घालणं सोपं असायला हवं. प्रत्यक्षात तो भलता चोखंदळ निघतो. नको ते कण चिकट स्रावात गुंडाळून, पोटात न नेताच बाहेर टाकून देतो. त्यात तलावाचं पाणी अफाट आणि आरएनए नाजूक.

औषध न निघण्याचं आणखी एक कारण कमी बोललं जातं. जनुकांच्या यादीत मोठ्या संख्येनं अशी जनुकं आहेत ज्यांचं काम कुणालाच माहीत नाही. नाव लिहिताना ‘अमुक जनुकासारखं दिसतं’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तो अमुक प्राणी म्हणजे बहुधा माशी, उंदीर किंवा माणूस. त्यांच्याकडे ना कवच आहे, ना धागे. नेमक्या शिंपल्याच्या खासियतीच्या जागी यादी कोरी पडते. ती भरायची तर प्रयोगशाळेत शिंपले वाढवायला हवेत, त्यांच्या पिढ्यामागून पिढ्या काढायला हव्यात, एकेक जनुक बंद करून काय होतं ते पाहायला हवं. बाहेर कशालाही चिकटून जगणारा हा प्राणी काचेच्या टाकीत पुढची पिढी द्यायला मात्र सहज तयार होत नाही.

जीन ड्राइव्ह: आशा मोठी, पाठभेदही मोठे

बातम्यांमध्ये ज्या उपायाचं सगळ्यात जास्त कौतुक होतं, तो हा. एरवी आईबापांपैकी एकाकडे असलेला जनुकातला बदल साधारण निम्म्या पिल्लांमध्ये उतरतो. जीन ड्राइव्ह ही रचना हा नियम मोडते. तिच्यात क्रिस्पर असतं, म्हणजे ठरावीक अक्षरक्रम शोधून तिथेच डीएनए कापणारं रेण्वीय साधन. एका प्रतीत बसलेली ही रचना दुसऱ्या प्रतीतली तीच जागा कापते, आणि ती जखम भरून काढताना पेशी नमुना म्हणून हीच रचना उतरवून घेते. आता दोन्ही प्रतींत तीच. पिल्लं जवळपास सगळी तिची वाहक. त्या रचनेनं मादीला वांझ करायचं ठरवलेलं असेल, तर काही पिढ्यांत वस्ती कोसळू शकते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१८ मध्ये मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या बंदिस्त वस्त्या अशाच ७ ते ११ पिढ्यांत संपल्या. सोनेरी शिंपल्यात वंध्यत्व पसरवण्याच्या दिशेनं ब्राझीलमध्येही काम सुरू झालेलं आहे, आणि त्यात जलविद्युत कंपन्यांना रस असणं स्वाभाविक आहे.

आता क्रिस्पर शोधतं ते ठरावीक अक्षरक्रम, वीसेक अक्षरांचा. आणि आपला शिंपला तर पाठभेदांचं आगर. कोट्यवधींच्या वस्तीत काहींकडे त्या वीस अक्षरांत एखाद-दुसरं अक्षर वेगळं असणारच. तिथे क्रिस्परला जागा सापडत नाही. तो शिंपला वाचतो, त्याची लाखो पिल्लं वाचतात, आणि थोड्याच पिढ्यांत सगळीकडे तेच. कीटकनाशकाला किडे दाद देईनासे होतात तसंच हे, फक्त इथे प्रतिकार आधीपासूनच वस्तीत हजर असतो. ज्या जनुकाच्या जागेत बदल झाला तर जीव जगूच शकत नाही किंवा पिल्लं देऊ शकत नाही, अशी जागा निवडली तर ही पळवाट बंद होते. डासांच्या प्रयोगात तीच युक्ती होती. शिंपल्यात अशी जागा कोणती? हे एका शिंपल्याचा जीनोम वाचून कळत नाही. शेकडो वाचावे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा शिंपला चीनच्या नद्यांत उपरा नाही, तिथला रहिवासी आहे. पारानात सोडलेला जीन ड्राइव्ह एखाद्या जहाजातून परत तिकडे पोहोचला तर? यावर सुचवलेला एक उपाय मला फार चलाख वाटतो. नव्या प्रदेशात पोहोचलेले शिंपले बहुधा मूठभर पूर्वजांपासून वाढलेले असतात, त्यामुळे मायदेशात असलेले अनेक पाठ त्यांच्यात गळून गेलेले असतात. उपऱ्या वस्तीत शंभर टक्के सापडणारा, पण मायदेशात सगळ्यांकडे नसणारा असा एखादा पाठ शोधायचा आणि निशाणा त्यावर लावायचा. मग ती रचना मायदेशी पोहोचलीच, तरी सगळ्यांना संपवू शकणार नाही. कागदावर छान आहे. पण जिथे जहाजं वेगवेगळ्या बंदरांतून वर्षानुवर्षं येत राहिली, तिथे पूर्वज मूठभर राहत नाहीत. प्रत्येक जहाज नवे पाठ घेऊन येतं आणि अशा जागा कमी कमी होत जातात.

आणि परवानगी कुणी द्यायची? पारानाचं खोरं ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना आणि बोलिव्हियात पसरलेलं आहे, आणि पुढे ला प्लाताच्या मुखाशी उरुग्वे लागतो. एकानं सोडलेली गोष्ट पाचही देशांत जाणार.

“पाणी स्वच्छ करतो, मासे त्याला खातात, मग राहू द्या की!”

मासे खातात हे खरं. दक्षिण अमेरिकेतल्या अनेक जातींच्या माशांनी हे नवं खाद्य आनंदानं स्वीकारलं आहे. पाणी नितळ होतं हेही खरं. पण नितळ म्हणजे निरोगी असं नाही. शिंपले गाळून नेतात ते सूक्ष्म शैवाल म्हणजे इतर जलचरांचं अन्न. नको असलेलं ते बाहेर टाकतात, आणि त्यात विषारी निळं-हिरवं शैवाल असेल तर स्पर्धक कमी झाल्यानं ते आणखी फोफावू शकतं. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत झेब्रा शिंपल्यानंतर हे पाहायला मिळालं आहे. शिवाय, ठेवायचा की काढायचा हा पर्याय आता बहुतेक ठिकाणी उरलेलाच नाही. प्रश्न आहे तो अजून न पोहोचलेल्या पाण्याचा.

तोवर काय?

तोवर बोटी. बाहेर काढलेली बोट धुवायची, तिच्या टाक्यांतलं आणि कोनाड्यांतलं सगळं पाणी काढून टाकायचं, आणि दुसऱ्या तलावात उतरवण्याआधी ती पूर्ण वाळू द्यायची. कॅलिफोर्नियात २०२४ नंतर अनेक जलाशयांनी बोटी उतरवण्याच्या उतारावरच तपासणी सुरू केली. काहींनी बोट ठराविक दिवस कोरडी राहिल्याची खात्री पटल्याशिवाय ती पाण्यात सोडायची नाही असा नियम केला. बोटीवाले वैतागले, हंगाम बुडाल्याच्या तक्रारी झाल्या. नियम तरी ठेवावे लागले, कारण अळी डोळ्यांना दिसत नाही आणि ओलसर कोपऱ्यात ती बरेच दिवस तग धरते. वाळण्यावर मात्र तिच्याकडे इलाज नाही, कुठलाही पाठ असला तरी.